दूरच्या सर्व्हरवरचं वेब अ‍ॅप आपल्या टर्मिनलमधून सांभाळताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: वेब अ‍ॅप भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर चालतं. नवा कोड चढवायचा असो, लॉग बघायचा असो की डेटाबेसमधली एखादी नोंद तपासायची असो, दर वेळी सर्व्हरवर लॉगिन करायचं, योग्य फोल्डर गाठायचा आणि एकेक कमांड हाताने टाइप करायची. हे सगळं आपल्या मशीनवरच्या टर्मिनलमधूनच करता येईल का? आणि तसं करणं धोक्याचं तर नाही ना?

करता येतं. माझं म्हणणं तर त्याच्याही पुढे जातं: चालू सर्व्हरवर जाऊन काम करायची सवयच सोडा, काम इथून पाठवा. टायपिंग वाचतं हा त्यातला किरकोळ फायदा. खरा मुद्दा हा की सर्व्हरच्या प्रॉम्प्टवर (कमांड लिहायच्या ओळीवर) हाताने केलेलं काम कुठेच लिहिलेलं राहत नाही. कोणीतरी एनजिनएक्स या वेब सर्व्हर प्रोग्रामच्या फाइलमधली एक ओळ बदलतं, एखादं पॅकेज टाकतं, एखाद्या फोल्डरच्या परवानग्या सैल करतं. काही महिन्यांनी सर्व्हर नव्याने उभा करायची वेळ आली की यातलं कोणालाच काही आठवत नाही. तेच काम तुमच्या मशीनवरून सुटणाऱ्या स्क्रिप्टमध्ये असेल तर ते गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) राहतं, सहकाऱ्याला वाचता येतं, त्याच क्रमाने पुन्हा चालवता येतं. खाली जे सांगतोय ते सगळं यासाठीच.

पाया अर्थातच एसएसएचचा, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करून देणाऱ्या प्रोग्रामचा. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तातू युल्यॉनेन यांनी १९९५ मध्ये ते लिहिलं, कारण नेटवर्कवरून उघडेच जाणारे पासवर्ड चोरले जात होते. आज बहुतेक ठिकाणी वापरलं जातं ते ओपनएसएसएच. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमच्या मंडळींनी ते १९९९ मध्ये आणलं. लिनक्स आणि मॅकवर ते असतंच, विंडोज १० मध्येही २०१८ पासून त्याचा क्लायंट सोबत येतो. की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) बनवताना ईडी२५५१९ हा प्रकार निवडा. तिला पासफ्रेज द्या आणि ती वारंवार टाकावी लागू नये म्हणून उघडलेली की सांभाळणारा एसएसएच-एजंट वापरा. प्रत्येक मशीनची की वेगळी ठेवा. एकच की लॅपटॉप, ऑफिसचं मशीन आणि बिल्ड सर्व्हर अशा तिन्ही ठिकाणी कॉपी केली, तर त्यातलं एक मशीन गेल्यावर तिन्ही ठिकाणची की बदलावी लागते.

कीने लॉगिन नीट चालू झालं की सर्व्हरवरचं पासवर्ड लॉगिन बंद करा. हा बदल करताना चालू असलेलं सेशन बंद करू नका. आधी एसएसएचडीच्या (सर्व्हरवरच्या एसएसएच प्रोग्रामच्या) कॉन्फिगची तपासणी चालवा ('एसएसएचडी -टी'), मग सर्व्हिस रीलोड करा आणि दुसऱ्या टर्मिनलमधून नवं लॉगिन होतंय याची खात्री करा. तोवर पहिलं सेशन उघडंच राहू द्या. काही बिघडलं तर परत फिरायची वाट तीच असते.

पहिल्यांदा जोडताना एसएसएच सर्व्हरच्या कीचा फिंगरप्रिंट (छोटी ओळखखूण) दाखवून विचारतं. लोक न वाचता 'यस' लिहितात. होस्टिंग कंपनीच्या कन्सोलमध्ये तोच फिंगरप्रिंट बघता येतो, एकदा तो पडताळून पाहा. स्क्रिप्ट अडू नये म्हणून ही तपासणी कायमची बंद करून टाकणारे बरेच सल्ले फिरत असतात, ते ऐकू नका. 'अ‍ॅक्सेप्ट-न्यू' हा पर्याय नवा सर्व्हर स्वीकारतो, पण ओळखीच्या सर्व्हरची की बदललेली दिसली तर थांबतो. स्क्रिप्टसाठी तो पुरेसा आहे.

यानंतरची महत्त्वाची वस्तू म्हणजे होम फोल्डरमधल्या डॉट-एसएसएच मधली 'कॉन्फिग' नावाची फाइल. आयपी, युजर, पोर्ट, कीचा पत्ता हे सगळं तिथे एकदा लिहा आणि त्याला 'प्रॉड' (खरा, चालू सर्व्हर), 'स्टेज' (चाचणीचा सर्व्हर) अशी नावं द्या. मग एसएसएच, आरसिंक (फाइल पाठवणारा प्रोग्राम), गिट, सगळ्यांनाच ही नावं कळतात. या फाइलमधल्या तीन-चार सेटिंग विशेष उपयोगाच्या आहेत. 'आयडेंटिटीज-ओन्ली' चालू केलं की एजंटमधल्या साऱ्या की सर्व्हरला दाखवल्या जात नाहीत. सर्व्हर साधारणपणे सहा प्रयत्नांनंतर दार लावतो, त्यामुळे खूप की असलेल्या माणसाला अचूक की असूनही नकार येतो, त्याचं कारण हेच असतं. 'सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल' ६० सेकंद ठेवलं की शांत पडलेलं कनेक्शन मधला राउटर सहसा तोडत नाही. 'कंट्रोल-मास्टर', 'कंट्रोल-पाथ' आणि 'कंट्रोल-पर्सिस्ट' लावले की पहिलं कनेक्शन काही मिनिटं उघडं राहतं आणि पुढच्या कमांड त्यातूनच जातात. दूरच्या डेटा सेंटरशी बोलताना हा फरक लगेच जाणवतो. आणि सर्व्हर खासगी नेटवर्कमध्ये, एखाद्या मधल्या मशीनच्या मागे असेल तर 'प्रॉक्सी-जंप'. मधल्या मशीनवर आपला एजंट फॉरवर्ड करून पुढे उडी मारणं टाळा, कारण त्या मशीनवर रूट (सर्वाधिकारी युजर) असलेला कोणीही तेवढ्या वेळात तुमच्या एजंटकडून सह्या करून घेऊ शकतो. प्रॉक्सी-जंपमध्ये मधलं मशीन फक्त बंद पाकीट पुढे ढकलतं.

आता मुख्य काम. एसएसएचला सर्व्हरच्या नावापुढे अवतरणात कमांड दिली की ती तिकडे चालते, तिचं उत्तर इकडे छापलं जातं आणि कनेक्शन सुटतं. 'एसएसएच प्रॉड' आणि पुढे 'सिस्टमसीटीएल स्टेटस' व सर्व्हिसचं नाव लिहिलं की अ‍ॅपची तब्येत कळते. इतकं सोपं आहे, पण नवख्यांचे तास खाणाऱ्या खाचाखोचा नेमक्या इथेच आहेत, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिली गोष्ट अवतरणचिन्हांची. कमांड दुहेरी अवतरणात दिली तर डॉलर चिन्हाचे व्हेरिएबल तुमच्याच मशीनवर उलगडतात आणि तयार झालेला मजकूर तिकडे जातो. एकेरी अवतरणात दिली तर ते सर्व्हरवर उलगडतात. होम फोल्डरचा व्हेरिएबल वापरून काही पुसायची कमांड लिहिली असेल, तर या फरकाचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. दोन ओळींपेक्षा मोठं काम असेल तर अवतरणांशी झगडूच नका. वेगळी स्क्रिप्ट लिहा आणि ती स्टँडर्ड इनपुटमधून तिकडच्या शेलला, म्हणजे 'बॅश -एस' ला, द्या. स्क्रिप्ट तुमच्याकडे, अंमल तिकडे. तिच्या पहिल्याच ओळीत 'सेट' चे तीन पर्याय ('-ई', '-यू' आणि '-ओ पाइपफेल') घाला: चूक झाली की थांब, न नेमलेला व्हेरिएबल म्हणजे चूक, आणि पाइपमधली कुठलीही कमांड फसली तर पूर्ण पाइप फसली असं धर. फाइल विंडोजवर लिहिली असेल तर ओळींच्या शेवटचे जादा कॅरेज-रिटर्न काढून टाका, नाहीतर सर्व्हर 'अशी कमांडच नाही' असं म्हणतो आणि डोळ्यांना तर सगळं ठीक दिसतं.

दुसरी गोष्ट पाथची, म्हणजे शेल ज्या फोल्डरांत प्रोग्राम शोधतं त्या यादीची. लॉगिन केल्यावर चालणारी कमांड बाहेरून पाठवली की 'नॉट फाउंड' येते. नोड किंवा रुबी एखाद्या व्हर्जन मॅनेजरने बसवलेलं असेल तर हे हमखास होतं. कारण असं की उबुंटू आणि डेबियनवरची बॅशआरसी फाइल, शेल परस्परसंवादी नसेल तर, सुरुवातीलाच परत फिरते आणि व्हर्जन मॅनेजरच्या ओळी तळाशी असतात. उपाय साधा आहे: स्क्रिप्टमध्ये प्रोग्रामचा पूर्ण पाथ लिहा.

तिसरी गोष्ट टर्मिनलची. कमांड बाहेरून पाठवली की सर्व्हर तिला खोटं टर्मिनल देत नाही. सुडोचा (रूटच्या हक्काने कमांड चालवायचा) पासवर्ड विचारला जाणार असेल, किंवा जँगोचं शेल, रेल्सचं कन्सोल असं काही उघडायचं असेल, तर '-टी' हा पर्याय द्यावा लागतो. त्याशिवाय चालवलेल्या कमांडवर कंट्रोल-सी दाबलं तर इकडचं एसएसएच मरतं, पण तिकडची प्रक्रिया बऱ्याचदा चालूच राहते. लोकांना वाटतं काम थांबलं. प्रत्यक्षात ते डेटाबेसवर कुलूप लावून बसलेलं असतं. म्हणून मोठं मायग्रेशन (डेटाबेसमध्ये बदल करणारी स्क्रिप्ट) किंवा तासभर चालणारं काम असं पाठवू नका. ते सर्व्हरवर टीमक्सच्या सेशनमध्ये किंवा 'सिस्टमडी-रन' ने सुरू करा, म्हणजे तुमचं वायफाय गेलं तरी काम अर्ध्यावर राहत नाही.

अनेक सर्व्हरची यादी एका फाइलमधून वाचत लूप चालवत असाल तर आणखी एक: लूप पहिल्याच सर्व्हरनंतर संपतो. एसएसएच त्या यादीचा उरलेला भाग स्वतःचं इनपुट समजून गिळून टाकतं. '-एन' लावा, मग पूर्ण यादी पार पडते.

आणि जे फार थोडे लोक वापरतात ते: एसएसएच तिकडच्या कमांडचा एक्झिट कोड (यश-अपयश सांगणारा आकडा) जसाच्या तसा परत देतं, आणि कनेक्शनच झालं नाही तर २५५ देतं. म्हणजे 'अ‍ॅपने नकार दिला' आणि 'सर्व्हरपर्यंत पोचलोच नाही' हे दोन प्रसंग स्क्रिप्टला वेगळे ओळखता येतात. दुसऱ्या प्रसंगात पुन्हा प्रयत्न करणं बरोबर आहे. पहिल्यात ते घातक ठरू शकतं.

लॉगसाठी वेगळं काही लागत नाही. 'जर्नलसीटीएल' ला सर्व्हिसचं नाव, कधीपासून ते आणि '-एफ' दिलं की लॉग तुमच्या टर्मिनलमध्ये वाहू लागतो आणि तो इकडच्याच ग्रेपमधून गाळता येतो. सर्व्हर बहुधा यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेवर असतो एवढं ध्यानात असू द्या. 'त्या वेळी लॉगमध्ये काहीच नाही' असं वाटणं पुष्कळदा घड्याळांमधल्या फरकामुळे असतं. अ‍ॅप विचित्र वागतंय आणि लॉगही गप्प आहे, तर आधी डिस्क बघा. 'डीएफ -एच' ने जागा शिल्लक दिसली तरी 'डीएफ -आय' चालवा. लाखो बारीक सेशन फाइल साठल्या की आयनोड (डिस्कवरच्या फाइलींच्या नोंदी) संपतात आणि जागा असूनही नवी फाइल बनत नाही.

कोड चढवण्याबद्दल माझी पद्धत जुनी आहे, पण ती मला अजून बदलावीशी वाटत नाही. कॅपिस्ट्रानो या कोड चढवणाऱ्या साधनाने ही रचना लोकप्रिय केली: सर्व्हरवर 'रिलीजेस' नावाचा फोल्डर, त्यात प्रत्येक आवृत्तीचा स्वतंत्र फोल्डर, आणि 'करंट' नावाची सिमलिंक जी चालू आवृत्तीकडे बोट दाखवते. तुमच्या मशीनवरून आरसिंक नव्या फोल्डरमध्ये कोड नेतो, तिथे डिपेंडन्सी (लागणारी पॅकेज) बसतात, अ‍ॅसेट तयार होतात, आणि हे सगळं होईपर्यंत चालू अ‍ॅपला धक्काही लागत नाही. शेवटी नवी लिंक वेगळ्या नावाने बनवायची आणि 'एमव्ही -टी' ने जुन्या लिंकच्या जागी आणायची (हा टी कॅपिटल). हे नामांतर एका झटक्यात होतं, मधली कुठलीही अवस्था कोणाला दिसत नाही. मग अ‍ॅपची सर्व्हिस रीलोड, आणि लगेच कर्लने तब्येत-तपासणीच्या पत्त्यावर एक विनंती. कर्लला '--फेल' द्यायला विसरू नका, नाहीतर ५०० चा एरर आला तरी ते खुशाल यशाचा कोड देतं. '--फेल' असेल तर ४०० आणि त्यावरच्या उत्तरांना ते २२ हा कोड देतं, आणि तुमची स्क्रिप्ट लिंक परत जुन्या आवृत्तीकडे वळवू शकते.

आरसिंक वापरताना दोन सवयी लावून घ्या. स्रोत फोल्डरच्या शेवटी तिरकी रेघ असेल तर आतला मजकूर जातो, नसेल तर फोल्डरच जातो. '--डिलीट' सोबत इथे चूक झाली तर तिकडचं बरंच काही नाहीसं होतं. म्हणून नवी आरसिंक कमांड लिहिली की पहिल्यांदा नेहमी '--ड्राय-रन' ने चालवा आणि यादी खरोखर वाचा. लोकांनी अपलोड केलेल्या फाइल रिलीजच्या फोल्डरमध्ये कधीच ठेवू नका. त्यांची जागा बाहेर, सामायिक फोल्डरमध्ये.

मागे फिरणं कोडच्या बाबतीत सोपं झालं, डेटाबेसच्या बाबतीत ते तितकं सोपं नाही. नव्या आवृत्तीने कॉलम काढून टाकला असेल तर जुना कोड परत आणून उपयोग नाही. म्हणून स्कीमा (टेबलांची रचना) बदल नेहमी दोन टप्प्यांत करा. आधी नवा कॉलम जोडा आणि जुना तसाच राहू द्या. नवा कोड स्थिरावला की पुढच्या कुठल्यातरी रिलीजमध्ये जुना काढा. यात काम थोडं लांबतं हे खरं, पण मागे फिरायची वाट कायम उघडी राहते.

डेटाबेसकडे बघायचं असेल तर त्याचं पोर्ट इंटरनेटला उघडं करायची मुळीच गरज नाही. पोस्टग्रेसचं ५४३२ किंवा मायएसक्यूएलचं ३३०६ जगासमोर ठेवलं तर काही वेळातच अनोळखी मशीन त्यावर पासवर्ड आजमावू लागतात. एसएसएचचं पोर्ट फॉरवर्डिंग (सुरक्षित बोगदा) वापरा: '-एल' पर्यायाला, हा एल कॅपिटल, तुमच्याकडचं पोर्ट ५४३३, मग लोकलहोस्ट, मग ५४३२ असं द्यायचं. मधला लोकलहोस्ट म्हणजे सर्व्हरच्या नजरेतून लोकलहोस्ट. तुमच्याकडचं पोर्ट मुद्दाम वेगळं ठेवा, म्हणजे स्वतःच्या मशीनवरचा डेटाबेस आणि खरा डेटाबेस यांची गल्लत होणार नाही. मायएसक्यूएलचा क्लायंट 'लोकलहोस्ट' हे नाव दिसताच नेटवर्क सोडून स्थानिक सॉकेटकडे वळतो आणि मग बोगदा बाजूला राहून तुम्ही स्वतःच्याच डेटाबेसमध्ये शिरता. तिथे १२७.०.०.१ असा आकडाच लिहा. खऱ्या डेटाकडे बघायला फक्त वाचनाचा हक्क असलेला वेगळा डेटाबेस युजर ठेवा. दुरुस्ती करायची असेल तर ती मायग्रेशन म्हणून लिहिली जावी.

बॅकअपही इथूनच ओढता येतो. पोस्टग्रेसचा 'पीजी-डंप' तिकडे चालतो आणि त्याचं आउटपुट तुमच्याकडच्या फाइलमध्ये वळवायचं. मात्र डंप मध्येच फसला तरी फाइल तयार झालेली असते आणि नावावरून ती बरी दिसते. एक्झिट कोड तपासा. कस्टम फॉरमॅटमधला डंप असेल तर 'पीजी-रिस्टोअर' च्या '--लिस्ट' ने त्यातली अनुक्रमणिका वाचता येते का ते बघा. आणि अधूनमधून तो एखाद्या रिकाम्या डेटाबेसमध्ये प्रत्यक्ष उतरवून पाहा, कारण अनुक्रमणिका नीट असली म्हणून आतला डेटा नीट असतोच असं नाही. त्या फाइलमध्ये खऱ्या माणसांचे ईमेल, पत्ते, कदाचित आणखी नाजूक गोष्टी आहेत हेही विसरू नका. चाचणीसाठी डेटा हवा असेल तर सर्व्हरवरच नावं-पत्ते झाकून मग आणा. पूर्ण बॅकअप एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवरच उतरला पाहिजे.

गुपितं, म्हणजे एपीआय की, पासवर्ड वगैरे, कमांडच्या ओळीत कधीच लिहू नका. ती शेलच्या इतिहासात राहतात, आणि कमांड चालू असेपर्यंत सर्व्हरवरच्या इतर युजरना 'पीएस' मध्ये (चालू प्रक्रियांच्या यादीत) दिसू शकतात. ती स्टँडर्ड इनपुटमधून पाठवा आणि सर्व्हरवर ६०० परवानगी (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) असलेल्या फाइलमध्ये ठेवा.

धोक्याचा प्रश्न विचारला होता. धोका खरा आहे. आपल्या टर्मिनलमध्ये बसून स्टेज समजून प्रॉडवर कमांड मारणं फार सोपं असतं. त्यावर 'नीट लक्ष द्या' हा उपाय नव्हे, लक्ष केव्हातरी चुकतंच. अडथळे यंत्रणेत हवेत. स्क्रिप्टला कुठला सर्व्हर हे सांगितलं नाही तर तिने स्टेजच धरावं. प्रॉडवर काही पुसणारी, बदलणारी कमांड असेल तर 'वाय' दाबून भागता कामा नये, सर्व्हरचं नाव पूर्ण टाइप करायला लावा. प्रॉडवरच्या शेलचा प्रॉम्प्ट लाल करा. डिप्लॉयचा (कोड चढवण्याचा) युजर रूट नसावा. त्याला सुडोमध्ये तुमची एकच सर्व्हिस रीलोड आणि रीस्टार्ट करण्यापुरता हक्क द्या. दोघांनी एकाच वेळी डिप्लॉय सुरू करू नये म्हणून सर्व्हरवर 'एफलॉक' ने कुलूप घ्या. एनजिनएक्सची फाइल बदलणारी स्क्रिप्ट असेल तर रीलोडच्या आधी 'एनजिनएक्स -टी' असलंच पाहिजे, आणि ते फसलं तर स्क्रिप्टने तिथेच थांबलं पाहिजे.

सर्व्हर तुमचा नसून हेरोकूसारख्या प्लॅटफॉर्मवर अ‍ॅप असेल तर यातला बराच भाग त्यांचा कमांड-लाइन प्रोग्राम करतो: लॉग, कॉन्फिग, एकवेळच्या कमांड, मागची आवृत्ती. पण हेरोकूची एकवेळची कमांड वेगळ्या, तात्पुरत्या कंटेनरमध्ये चालते. तिथे लिहिलेली फाइल कमांड संपताच जाते आणि चालू अ‍ॅपला ती कधी दिसतच नाही. वर्डप्रेस असेल तर त्याचा कमांड-लाइन प्रोग्राम डब्ल्यूपी-सीएलआय '--एसएसएच' पर्यायाने थेट दूरच्या साइटवर काम करतो, फक्त तो प्रोग्राम सर्व्हरवरही बसवलेला हवा. कुबरनेटिस (अनेक कंटेनर सांभाळणारी यंत्रणा) वापरणाऱ्यांनी चालू कॉन्टेक्स्टचं नाव प्रॉम्प्टमध्येच दिसेल अशी सोय करावी, कारण तिथे 'मी कुठे आहे' हे एका न दिसणाऱ्या सेटिंगवर ठरतं.

सुरुवात करायची असेल तर प्रकल्पात 'बिन' नावाचा फोल्डर करा आणि त्यात आधी फक्त दोन स्क्रिप्ट ठेवा, स्थिती दाखवणारी आणि लॉग दाखवणारी. या दोन्ही काही बदलत नाहीत, त्यामुळे कनेक्शन, पाथ, अवतरणं यांचे घोळ बिनधोक निस्तरता येतात. त्या सुरळीत झाल्या की डिप्लॉय आणि मागे फिरणं या दोन्ही एकाच वेळी लिहा. मागे फिरायची स्क्रिप्ट स्टेजवर चालवून पाहिल्याशिवाय डिप्लॉयची स्क्रिप्ट प्रॉडवर न्यायची नाही.

शेवटी लॅपटॉपबद्दल, कारण आता सगळी सूत्रं त्याच्या हातात आहेत. सर्व्हरवरच्या 'ऑथराइज्ड-कीज' फाइलमध्ये प्रत्येक कीच्या ओळीच्या शेवटी कोणाची, कुठल्या मशीनवरची असं लिहून ठेवा. लॅपटॉप हरवला किंवा कोणी टीम सोडली तर कुठली ओळ काढायची हे तेव्हा शोधत बसावं लागणार नाही. ओळ काढल्याने आधीच उघडी असलेली सेशन तुटत नाहीत, ती वेगळी मारावी लागतात. प्लॅटफॉर्मच्या कमांड-लाइन प्रोग्रामनी लॅपटॉपवर साठवलेले टोकनही त्यांच्या खात्यात जाऊन रद्द करा.